मी गुलाबी नाही, लालच

मी एक होडी बोलतेय. फायबरची, चौदा फूट लांब, सहा माणसं आणि एक सायकल नेणारी, आणि रंगाने लाल. लाल हे आधीच सांगून ठेवते, कारण मधली दोन वर्षं लोक मला गुलाबी म्हणत होते आणि ते मी अजून विसरलेले नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माणसं आतून बाहेर वाढतात असं ऐकलंय. आमचं उलटं. साच्याला आधी लाल रंगाचा दाट थर फासला, तो धरल्यावर त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि चिकट राळ यांचे थर चढवले, आणि सगळं कडक झाल्यावर मला साच्यातून उपटून काढलं. म्हणजे मी जन्मले तीच नटूनथटून. कारागिराने माझ्या चकचकीत कुशीत पाहून स्वतःच्या मिशा सारख्या केल्या. तेव्हापासून मला थोडा गर्व आहे, तो मी लपवत नाही.

मला नेलं एका नावाड्याने. तेच आमचे मालक. घर तलावाच्या काठावर, मागच्या अंगणातून दहा पावलांवर धक्का. पलीकडच्या काठाला रस्त्याने वळसा घालून जायचं तर तासभर मोडतो, माझ्यातून वीस मिनिटांत काम होतं. त्यामुळे सगळे मलाच धरायचे. नर्सबाई चढण्याआधी माझ्या अंगात पाहून केसांची पिन नीट करायच्या. मास्तर रोज तेच वर्तमानपत्र उलटंसुलटं वाचायचे. आणि एक गंमत सांगते, ‘हलू नका, हलू नका’ असं जो सगळ्यांत मोठ्याने सांगतो, तोच सगळ्यांत जास्त हलत असतो. अकरा वर्षांत याला अपवाद पाहिला नाही.

मग एके सकाळी मालक धक्क्याच्या ओल्या पायरीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि ते निघालं तेव्हा हात दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखा झालेला. तरी मालकांना धीर कुठला? दुसऱ्याच दिवशी मला पाण्यात घातलं. डावा हात जोरात, उजवा नावापुरता. अशाने होडी पुढे जात नाही, जागच्या जागी फिरते. मीही फिरले, भर धक्क्यासमोर, चार गिरक्या. काठावरचे लोक हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. मालकांनी त्याच दुपारी मला अंगणात दोन ओंडक्यांवर पालथी घातली, वल्ही भिंतीला टांगली आणि आपला हात संपला असं जाहीर केलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. तो मागच्या दाराला अडसर म्हणून छान बसला. मालकीणबाईंनी महिनाभर सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पालथी मी होते, पण पाणी त्यांच्यावरून ओघळत होतं.

दोन वर्षं मी उन्हात पडून राहिले. ऊन फार गोड बोलून लुटतं. आधी चकाकी गेली, मग लालाचा गुलाबी झाला, मग अंगावर खडूसारखी पांढरी भुकटी धरली. जो टेकेल त्याच्या पाठीवर माझा ठसा. एकदा विम्याचा एजंट काळा कोट घालून आला, बोलता बोलता मला टेकला आणि तसाच पुढच्या घरी गेला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडी करमणूकही झाली.

अशात एक हॉटेलवाले आले. त्यांना मी हवी होते. दारात ठेवायला. पोटात माती भरायची, वर फुलझाडं लावायची, आणि झाडांचं पाणी निथळून जावं म्हणून बुडाला भोकं पाडायची. होडीच्या बुडाला भोकं! मी पालथी होते म्हणून बरं, नाहीतर तिथेच उलटले असते. मालक म्हणाले की नेऊन टाका, इथे तरी काय करतेय. शब्द दिला. हॉटेलवाले पंधरा दिवसांनी टेम्पो घेऊन यायचे ठरलं.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला, तो मालकीणबाईंनी घेतला. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावरच उघडते आणि हॉटेलवाल्यांचा आवाज फोनमधूनही खणखणीत, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ते सांगत होते की होडीला अजिबात हात लावू नका, तिचं ते विटलेलं रूपच मला हवंय, नवी दिसणारी नको. मालकीणबाई म्हणाल्या, “बरं.” त्यांनी पुन्हा बजावलं. या पुन्हा म्हणाल्या, “बरं.”

फोन ठेवून त्या बाहेर आल्या आणि मालकांना म्हणाल्या की असलं कळकट ध्यान लोकांच्या दारात पाठवायचं का, चारचौघांत लाज जाईल, जरा घासूनपुसून द्या. मी चाट पडले. फोनबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

मालकांनी आधी सोपा मार्ग काढला. वाटीभर खाद्यतेल माझ्या अंगाला चोपडलं. मी तुकतुकीत दिसले, संध्याकाळपर्यंत. मग वारा सुटला आणि अंगणातली सगळी धूळ, दोन पिसं आणि एक बसचं तिकीट मला चिकटून बसलं. मालकीणबाई फक्त त्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या भाच्याला बोलावलं. तो मोटारी रंगवतो, स्वतःचं गॅरेज आहे, पोट सुटलंय, पण हात हलका. त्याने ओल्या बोटाने माझी कूस पुसली आणि बोटाकडे पाहिलं.

“रंग गेलेला नाही, काका,” तो म्हणाला. “वरचा थर मेलाय. तो काढला की खाली आहेच.”

दोन वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. कसं करायचं तेही त्याने नीट समजावलं. आधी साबणाने तेल धुवायचं. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं, मग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारा लेप, शेवटी मेण. उन्हात करायचं नाही. एका वेळी परातीएवढाच तुकडा घ्यायचा आणि हात गोल फिरवायचा. कडांवर जोर द्यायचा नाही, तिथे थर पातळ असतो. “आणि दोन्ही हात लावा,” तो म्हणाला, “एका हाताने दाब सारखा पडत नाही, डाग उठतात.” मालक म्हणाले की उजवा चालत नाही. मालकीणबाई म्हणाल्या की चालवू नका, नुसता डाव्यावर ठेवा.

मालकांनी जुनी चादर बांधून सावली केली आणि काम सुरू झालं. पहिल्या दिवशी उजवा हात खरोखर नुसता ठेवलेला होता, एखाद्या पाहुण्यासारखा. कपाळाला आठ्या, तोंडाने पुटपुट. पण दुपारी फडक्याखाली परातीएवढा लाल गोल उघडा पडला. खरा लाल, पिकल्या टोमॅटोचा. मालक बघत राहिले. मग उठून स्टूल अजून जवळ ओढलं.

त्यानंतर त्यांना चहाला हाका माराव्या लागल्या. एक गोल झाला की शेजारचा गुलाबी तुकडा त्यांना बघवेना. चौथ्या दिवशी उजवा हात थोडा दाबू लागला. सातव्या दिवशी फडकं उजव्या हातात होतं आणि हे त्यांना स्वतःला ठाऊकच नव्हतं. मालकीणबाईंना ठाऊक होतं. त्या भाजी निवडायला मुद्दाम अंगणात बसायच्या आणि मान वर करायच्या नाहीत.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी मालक एकटेच मेण लावत होते. हळूच म्हणाले, “रागावू नकोस. तुला सोडायचं मनात नव्हतं. पण माझ्याच्यानं आता होत नाही.” आणि हे म्हणताना उजवा हात माझ्या अंगावरून गोल गोल फिरतच होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, बघा ना खाली, हात काय करतोय ते. पण होडीला तोंड असतं ते पाणी कापायला. मी फार कासावीस झाले त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाले आले. मला पाहून त्यांचा चेहराच पडला.

“अहो, हे काय केलंत? मी बाईंना सांगितलं होतं, आहे तशीच ठेवा म्हणून.”

मालकांनी वळून पाहिलं. मालकीणबाई पदराला हात पुसत होत्या. म्हणाल्या, “विसरले बाई. वय झालं.”

आता या बाईंचं विसरणं कसं, ते सांगते. लग्नात कोणत्या आत्याने कोणता टोमणा मारला, तो त्यांना शब्दन् शब्द पाठ आहे. पण चेहऱ्यावर अशी काही शरम आणली होती की हॉटेलवाल्यांनीच त्यांची समजूत काढली. असली चकचकीत होडी फुलझाडांत शोभणार नाही म्हणाले, आणि रिकामा टेम्पो घेऊन दुसरीकडे जुनी बैलगाडी बघायला गेले.

मालक पायरीवर बसले. शब्द दिला होता, तो असा गेला, याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. म्हणाले, “आता हिचं करायचं काय?”

मालकीणबाई आत गेल्या आणि चपला घालून, पिशवी घेऊन बाहेर आल्या.

“मला पलीकडे सोडा. ताईकडे जायचंय.”

“भाच्याला सांग. गाडीने सोडेल.”

“गाडी लागते मला.”

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. इतके दिवस कंपाउंड घासून तो लाल झाला होता. ते उठले आणि वल्ही काढली. शेजारच्यांनी मला सुलटी करायला हात लावला. तळाला पाणी लागलं तेव्हा मी शहारले, ते थंडीने नव्हे.

मध्यावर आल्यावर मालक थांबले. डाव्या हाताने उजवं मनगट चोळू लागले. मालकीणबाईंनी विचारलं, “दुखतंय?”

“दुखतंय.”

“परत फिरायचं?”

त्यांनी वल्ही पुन्हा पाण्यात घातली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “तू खरंच विसरली होतीस?”

“काय?” मालकीणबाई म्हणाल्या आणि पाण्याकडे बघत बसल्या.

आता आमच्या दिवसाला चार फेऱ्या होतात. पाचवीला मालक नाही म्हणतात, आणि म्हणू द्यावं. दुपारी माझ्यावर चादर असते, सहा महिन्यांनी मेण लागतं. नर्सबाईंची पिन पुन्हा माझ्यात बघूनच लागते. कधी तुम्हीही या. चढताना पाय मध्यभागी ठेवा, ‘हलू नका’ म्हणून ओरडू नका, आणि वाटेत बाकी काहीही बोला, पण त्या फोनचं वल्ही मारणाऱ्या माणसाला सांगू नका. मालकीणबाई बरोबर असल्या की पलीकडे पोचेपर्यंत एकदा तरी ते त्यांना विचारतात, खरंच विसरली होतीस का, आणि त्या “काय?” म्हणतात. त्यांना उत्तर नकोच असतं. त्यांना विचारायला आवडतं.