बिनबेल्टचं घर

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्यालाही आधी सांगून ठेवतात. त्यात खोटं काही नाही. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मी कापड कापते. दिवसभर हातात कात्री, मग जीभ तरी बोथट कशी राहणार? पण एक गोष्ट मी छाती पुढे काढून सांगते. माझा नवरा कमरेला बेल्ट लावत नाही.

याला कारण आमचा मुकादम. म्हणजे कुत्रा. घरात कोण काम करतंय आणि कोण नुसतं बसलंय, हे बघत फिरतो, म्हणून मुकादम. भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून त्याला आणला तेव्हा त्याच्या पाठीवर केस न उगवलेले लांब वळ होते. नवरा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आचारी आहे. पहिल्याच संध्याकाळी तो कामावरून आला, कपडे बदलायला बेल्ट सोडला, बक्कल वाजलं, आणि मुकादमाने जागच्या जागी मुतून कॉटखाली धूम ठोकली. नवऱ्याने फरशी पुसली, बेल्ट नेऊन दाराबाहेर टाकला आणि मला म्हणाला, "माझ्या पँटींना इलॅस्टिक घालून देशील?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं, आणि लगेच मशीनवर बसले. स्वयंपाकघरातले लोक त्याला पायजमासाहेब म्हणायला लागले. तो हसतो आणि कांदे चिरतो. असला माणूस शोधून सापडायचा नाही.

मग आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. चौकशा झाल्या, मुलाखती झाल्या, आता फक्त संस्थेच्या बाई घर बघायला येणार होत्या. त्यांनी मान हलवली तर मूल, नाहीतर सगळं मुसळ केरात. सासूबाई आल्या आणि आल्या आल्या माझ्यामागे लागल्या. "अगं, असलं घाबरट जनावर बघून मूल देईल का कोणी? दोन दिवस धाकट्याकडे नेऊन ठेव."

"मुकादम कुठेही जाणार नाही," मी म्हटलं. "घर दाखवायचं तर आहे तसं दाखवू."

मोठ्या तोंडाने बोलले खरी, पण एका बाबतीत त्यांनी मला गुंडाळलं. त्यांच्या लेकाने लग्नातली चांगली पँट घालायलाच हवी, असा त्यांचा हट्ट. ती आता त्याला ढगळ होते, बेल्टशिवाय राहत नाही. मी म्हटलं, वरून शर्ट सोड, कुणाला दिसतंय. एवढं सगळं शिवून झाल्यावर मीच त्याला धाकट्या दिराचा बेल्ट आणून लावून दिला. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, पण नजर एकदम पक्की. खिडक्यांचे गज बघितले, औषधं कुठे ठेवता विचारलं, मुलासाठी मांडलेला पलंग दाबून बघितला. मुकादम त्यांच्या मागे मागे, जणू तोच घर दाखवत होता. मला हायसं वाटलं. तेवढ्यात बाईंनी माळ्यावर काय आहे विचारलं. नवऱ्याने हात वर केले, शर्ट वर सरकला, आणि बक्कल दिसलं.

मुकादम थरथरायला लागला. बाईंच्या पायांशीच मुतला आणि कॉटखाली शिरला.

"चावतो का?" बाईंनी विचारलं.

"नाही. घाबरतो."

नवरा आत गेला. आला तो गुडघ्याला विटलेली, इलॅस्टिकची निळी पँट घालून. फरशी पुसली आणि कॉटकडे पाठ करून जमिनीवर बसला.

"अरे, खुर्चीवर बस, पाहुण्या आहेत," सासूबाई पुटपुटल्या.

"थांब आई जरा."

मग मी बाईंना सगळं सांगितलं. वळ, बेल्ट, पँटी. "आणि आज तुमच्यावर छाप पाडायला मीच त्याला बेल्ट लावायला दिला," मी म्हटलं. स्वतःचाच इतका राग आला होता की आवाज चढला. मुकादम हळूच बाहेर आला आणि नवऱ्याच्या मांडीवर हनुवटी टेकून पडला.

बाईंनी त्या दोघांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एक मुलगी आहे. सहा वर्षांची. एका घरी गेली होती, त्यांनी परत आणून सोडली."

"का?"

"खाणं लपवते. भात, बिस्किटं, हाताला लागेल ते उशीखाली. अंथरूणभर मुंग्या होतात. रागावलं की दिवसच्या दिवस बोलत नाही. समजावून झालं, फरक पडत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा चढलेला आवाज त्यांनी आत्ताच ऐकला होता. "तुमच्याकडे आली तर काय कराल?"

"उशीला खिसा शिवीन," मी म्हटलं. विचार करावाच लागला नाही. "आतून प्लॅस्टिकचं अस्तर, वरून चेन. मुंगी शिरायची नाही."

"आणि रोज झोपायच्या आधी तो मी भरून ठेवीन," नवरा खालूनच म्हणाला. "म्हणजे तिला चोरावं लागणार नाही."

मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. स्वतःचाही वाटला, खोटं कशाला बोलू.

बाई उठल्या. "शनिवारी तिला भेटायला या," म्हणाल्या. "दोघंही."

त्यांना सोडायला मी दारापर्यंत गेले. परत आले तर सासूबाई त्या छोट्या पलंगावरची उशी हातात घेऊन उलटसुलट करून बघत होत्या.

"खिसा जरा मोठा शीव गं," त्या म्हणाल्या.