बाहेरच्या बाजूची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. दाराच्या बाहेरच्या अंगाला बसवलेली, हे आधीच सांगते. माझी सगळी कहाणी त्यातच आहे.

पलूसजवळच्या एका वस्तीवर ज्ञानू लोहाराने मला घडवलं. माझ्या खोलीत तेव्हा ज्वारीची पोती असायची. शेळ्या येऊन शिंगं मारायच्या, मी हलायची नाही. "ज्ञानूची कडी हाय, हत्ती आला तरी निघायची न्हाई," लोक म्हणायचे. मला फार बरं वाटायचं.

मागच्या वर्षी पोती हलली आणि त्या खोलीत अंकिता आली, पहिलटकरीण. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. नवरा विश्वजीत सैन्यात, लांब. सासू शालूबाईंनी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं मायेनं केलं. पण अंकिता जेवेना, झोपेना. "बाळ माझ्या हातात देऊ नगा, पडंल," म्हणायची. एका दुपारी ती अनवाणीच उसातून कालव्याकडे निघाली. शालूबाईंनी धावत जाऊन तिला परत आणलं आणि मला लावलं.

तेव्हापासून बाळाला पाजायला नेताना आणि ताट देताना तेवढी मी निघायची. शेजारणी म्हणायच्या, "बाळंतिणीला वारं लागू देत न्हाई, सासू असावी तर अशी!" ते कौतुक मला टोचायचं. आतून दार आधी जोरात वाजायचं, मग हळू, मग नुसतं नखानं. मला सगळं ऐकू येत होतं, पण स्वतःहून निघता येत नव्हतं.

गावच्या आशाताई दीपमाला दोनदा येऊन गेल्या. सोप्यात बाळाचं वजन केलं, लिहून घेतलं. अंकिता कुठं विचारलं, तर "निजलीया." तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांना ते नख ऐकू आलं.

"मावशी, कडी भायेरनं का वं?"

"वारं लय हाय. दार आपटतंय."

"पान बी हालंना की, मावशी!"

मला वाटलं, आता भांडण. पण ताई उंबऱ्याशी बसल्या. "तुमी कवा झोपलाय नीट?"

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. "कुणाला सांगू गं? लोक म्हणतील, येडी सून केली. उघडलं तर ही कालव्याला जाती. मीच कोंडलीया बघ."

"ह्यो आजार हाय, मावशी. बाळंतपणानंतर काहींना हुतो, बरा बी हुतो. पर कडी लावून न्हाई."

शालूबाईंनीच मला काढलं. ताई अंकिताजवळ बसल्या. बाळाचं नावही काढलं नाही. "जीव नकोसा वाटतोय का गं?"

अंकिता म्हणाली, "व्हय. तुमी आलेलं कळायचं, ताई. पर बाळाचं वजन करून जायचा."

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या.

त्याच दिवशी विश्वजीतला फोन झाला, गाडी आली, आणि तिघी बाळाला घेऊन सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, एकटं सोडू नका आणि कोंडूही नका. आता कुणी ना कुणी तिच्यापाशी असतं. औषध चालू आहे. कधी ती हसते, कधी दिवसभर गप्प. अशा दिवशी शालूबाईंचा हात अजून माझ्याकडे येतो.

मित्रांनो, घरातलं कुणी असं मिटून गेलं तर मोठ्यांना सांगा, आशाताईंना सांगा. भीती वाटेल, हात कडीकडे जाईल. तेव्हा शालूबाई करतात तेच करा. त्याच हातानं दार ढकलून आत जा, आणि जवळ बसा.