शिवणयंत्राखालच्या चिठ्ठीचा जबाब

मी चिठ्ठी बोलतेय. प्रेमाची नव्हे, निरोपाची तर नव्हेच. औषधाच्या खोक्यात गोळ्यांच्या पाकिटाला बिलगून बसलेली असते ना, पातळ कागदाची, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांची, ती मी. तुम्ही खोकं उघडता, मला चिमटीत धरून बाहेर काढता आणि न वाचताच केरात टाकता. इतकी वर्षं तुम्ही असंच करत आलात. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही मुकाट्याने ऐकणार आहात.

माझा जन्म छापखान्यातला. एका भल्यामोठ्या रिळावरून मी सुटले, शाई लागली आणि यंत्राने मला सोळा घड्या घालून अंगठ्याएवढी केली. माझी अर्धी वाक्यं डॉक्टरांनी लिहिली आहेत आणि अर्धी वकिलांनी. डॉक्टरांना रोग्याची काळजी, वकिलांना कंपनीची. म्हणून मी एका ओळीत मायेने बोलते आणि दुसऱ्या ओळीत हात झटकते. पण खोटं मात्र बोलत नाही.

मी उदासीवरच्या औषधाची चिठ्ठी. मन खचून जातं, काही करावंसं वाटत नाही, तेव्हा डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांची. झोप येईल, तोंड कोरडं पडेल, भूक वाढेल, सुरुवातीला कदाचित जास्तच बेचैन वाटेल, हे सगळं मी सांगते. तरुण माणसाच्या मनात पहिल्या काही आठवड्यांत वाईट विचार वाढू शकतात, घरच्यांनी लक्ष ठेवावं आणि तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना गाठावं, हेही सांगते. सांगते म्हणजे काय, छापलेलं आहे. वाचलंत तर सांगते.

मी ज्या घरात आले तिथे तिघं राहत होते. बाबा शहरातली बस चालवायचे. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, घरी कपडे शिवायची. आणि बाबांची मुलगी नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती. प्रत्येक गोष्टीत 'का?' विचारायची, म्हणून आत्याने तिचं नाव 'वकीलबाई' ठेवलं होतं. नाव टोमण्याचं होतं, पण पोरीने ते पदवीसारखं मिरवलं.

या वकीलबाईचं चार महिन्यांपासून बिनसलं होतं. सकाळी उठणं म्हणजे डोंगर. नकाशावरची रेघ ओढता ओढता डोळ्यांतून पाणी यायचं आणि का येतंय ते कळायचं नाही. शेवटी ती स्वतःच डॉक्टरांकडे गेली. रोज एक गोळी, रात्री जेवणानंतर. खोक्यावर दुकानदाराने तिचं नाव लिहिलं आणि मी घरी आले.

पहिल्याच दिवशी तिने मला टेबलावर उलगडलं आणि कचेरीतलं नकाशाचं भिंग माझ्यावर धरलं. काय सांगू, कुणीतरी डोळे लावून वाचतंय म्हटल्यावर माझी घडी न् घडी सैल झाली! ती अर्ध्यापर्यंत पोचली तोच आत्याने झडप घातली.

"नको वाचूस ते. वाचशील तर सगळे त्रास तुलाच होतील."

"आत्या, वाचून कुणाला मळमळत नाही."

"मला होतं. मागे पित्ताच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचली, तर तीन दिवस चक्कर येत होती."

"अगं, पण..."

"पण नाही न् बिण नाही. आणि हे खोकं असं उघड्यावर ठेवू नकोस. माझी गिऱ्हाइकं येतात, कपडे घालून बघायला इथेच उभी राहतात. कुणी नाव वाचलं, तर उद्या गल्लीभर होईल."

आत्याने त्यावर जो उपाय काढला तो तिलाच सुचावा. फळीवर शक्तीच्या गोळ्यांची एक जुनी बाटली होती. आतल्या गोळ्यांची मुदत संपलेली. त्या तिने फेकल्या आणि पाकिटातून आमची एकेक गोळी दाबून काढून त्या बाटलीत भरली. याही पांढऱ्या आणि गोल, त्याही तशाच. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, घर काय तब्येत सांभाळून आहे!

"रात्री यातलीच घे. तुला माहीत आहे, बस झालं," आत्या म्हणाली.

वकीलबाईने कपाळाला आठ्या घातल्या, पण भांडायचं तिच्यात त्राण नव्हतं. "बरं," म्हणाली. तेवढं एक 'बरं' पुढे फार महाग पडलं. बाबा तेव्हा कामावर होते. मुलीला औषध चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते कुठे ठेवलंय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

खोकं केरात गेलं. मी मात्र वाचले, कारण आत्याच्या शिवणयंत्राचा एक पाय आखूड होता. माझ्या घड्या घालून तिने मला त्याखाली सारलं. यंत्र डुलायचं थांबलं. ज्या कागदावर 'सावधान' छापलंय त्याचा या घराला एवढाच उपयोग!

तिथून मला फक्त पाय दिसायचे. पण पायांवरूनही पुष्कळ कळतं. वकीलबाईची पावलं आधी फरशीवरून फरफटत जायची. पहिल्या दोन आठवड्यांत ती सकाळी पेंगुळलेली असायची, भिंतीला धरून चालायची. मग हळूहळू टाचा उचलायला लागल्या. सहाव्या आठवड्यात एका सकाळी ती चप्पल शोधताना पायाने ताल धरत होती. औषध काम करत होतं. हेही माझ्या पोटात लिहिलेलं आहे, बरं का! माझ्यात नुसती भीतीच नाही.

आणि मग ती सकाळ आली. खोलीत बाबांचे बूट एकटेच होते. फळीपाशी थांबले. बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज झाला.

"दोन दिवस अंग नुसतं आंबलंय," बाबा स्वतःशीच पुटपुटले. "घेऊन बघू शक्तीची गोळी."

मी ओरडले असते. पण कागदाला गळा कुठला? कुणाचे डोळे लागतात तेव्हाच मला आवाज फुटतो. माझ्यावर तर यंत्राचा पाय होता.

पुढचं मी नंतर ऐकलं. अकराच्या सुमाराला वळणावर बाबांच्या पापण्या जड झाल्या. बस फुटपाथवर चढली आणि थांब्याच्या खांबाला धडकली. बसमधल्या एक शिक्षिका तोल जाऊन पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. जीव कुणाचा गेला नाही. पण बाबांचं रक्त तपासायला गेलं आणि चौथ्या दिवशी अहवाल आला: रक्तात झोप आणणारं औषध.

बाबांनी त्या औषधाचं नाव अडखळत वाचलं. वकीलबाई ताडकन उभी राहिली.

"बाबा, हे तर माझं औषध. त्या दिवशी सकाळी काय घेतलं होतंत?"

"काही नाही गं. फळीवरच्या बाटलीतली ती शक्तीची गोळी."

आत्याचे पाय यंत्राच्या पट्टीवर होते. ते जागच्या जागी थांबले.

मग बाबाच म्हणाले, "परवा चौकशी आहे. मी सांगेन, औषध माझंच होतं. मीच घेतलं."

"हो, तसंच सांग," आत्या घाईघाईने म्हणाली. "हिचं नाव नको यायला."

"वा!" वकीलबाई कडाडली. "म्हणजे झोप येणार हे माहीत असून बस चालवली, असं लिहून देणार? बाबा, तो गुन्हा आहे! परवाना कायमचा जाईल. खटला उभा राहील."

"जाऊ दे परवाना. तुझं नाव चौकशीच्या कागदावर नको."

"का नको? माझं नाव काय उष्टं आहे? मी आजारी होते, औषध घेतलं, बरी होतेय. तुमच्या या लपवाछपवीनेच बस खांबावर गेली. माझ्या आजाराने नाही!"

"तोंड आवर," आत्या म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "आणि ते औषध आजपासून बंद. एक गोळीसुद्धा घ्यायची नाहीस."

"मनाने एकदम बंद केलं तर चक्कर येते, जीव घाबरा होतो. थांबवायचं तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"चिठ्ठीत होतं. तेवढ्यापर्यंत वाचली होती." ती थबकली. "आत्या, चिठ्ठी कुठाय?"

आत्या खाली यंत्राच्या आखूड पायाकडे पाहत राहिली. वकीलबाईने त्या नजरेच्या रोखाने पाहिलं, एका हाताने यंत्र उचललं आणि दुसऱ्या हाताने मला ओढून काढलं. माझ्या मधोमध भोक पडलं होतं. पण शाई शाबूत होती.

चौकशी बसच्या आगारात झाली. लांब टेबल, जाड फाइल आणि चष्म्यावरून बघणारे एक अधिकारी. वकीलबाईने डॉक्टरांचा कागद आणि मला शेजारी शेजारी ठेवलं.

"औषध माझं आहे. बाबांना ते माहीत नव्हतं. बाटली बदलली तेव्हा मी होते आणि मी 'बरं' म्हटलं."

"ही चिठ्ठी तुम्ही वाचली होती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"अर्धी."

दाराशी खुर्ची सरकली. आत्या उठून पुढे आली. "साहेब, बाटली मी भरली. पोरीचा दोष नाही. भावाचाही नाही."

अधिकाऱ्यांनी मला आत्याच्या हातात दिलं. "राहिलेलं अर्धं तुम्ही वाचा."

आत्याने सुईत दोरा ओवायचा चष्मा डोळ्यांवर चढवला. "औषध मूळ वेष्टनातच ठेवावे," तिने वाचलं. "दुसऱ्या... दुसऱ्या कोणालाही देऊ नये. झोप येत असल्यास वाहन..." पुढचं वाक्य भोकात गेलं होतं. पण ते तिला सांगायची गरज उरली नव्हती.

जाणूनबुजून केल्याचा ठपका बाबांवर आला नाही. परवाना तीन महिन्यांसाठी थांबला. "नकळत झालं म्हणून त्या बाईंचं मनगट आपोआप जुळत नाही," अधिकारी म्हणाले. "त्यांचा भरपाईचा दावा चालेल." बाबांनी मान खाली घातली आणि तिथून थेट त्या शिक्षिकांना भेटायला गेले.

आता माझी वस्ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे, चिकटपट्टीने लावलेली. गोळ्या आपल्याच खोक्यात, फळीवर उघड्या, नाव बाहेर करून. आत्याची गिऱ्हाइकं बघतात. बघोत बापडी! त्यातल्या एकीने तर परवा हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारला. बाबा सध्या आगारात बसतात आणि कामावर निघणाऱ्या प्रत्येक चालकाला विचारतात, "औषध कोणतं चालू आहे? चिठ्ठी वाचलीस?"

माझं म्हणणं एवढंच. औषधाला भिऊ नका आणि त्याला बेवारशी सोडू नका. ते ज्याचं आहे त्यानेच घ्यावं, त्याच्याच नावाच्या खोक्यातून, आणि थांबवायचं ते डॉक्टरांना विचारून. मला वाचून त्रास होत नाहीत. ते न वाचता होतात.

शिवणयंत्र मात्र पुन्हा डुलतंय. काल औषधाचं नवं खोकं आलं. आत्याने त्यातली कोरी, घडीबंद चिठ्ठी हातात घेतली आणि यंत्राच्या आखूड पायाकडे पाहिलं. मग ती खुर्चीत बसली, घडी उलगडली आणि आत हाक मारली,

"ए वकीलबाई, तुझं ते भिंग आण गं जरा!"