हंडीतलं काळं तीर्थ

धानोऱ्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा होमावर ठेवलेल्या लोखंडी हंडीवर. झाकण मातीनं लिंपलेलं, त्यातून निघालेली नळी ओल्या फडक्यात गुंडाळलेली. नळीच्या टोकाशी ज्योत जळत होती आणि खाली बाटलीत काळसर पाणी ठिबकत होतं.

"हंडीत नुसती सुकी लाकडं हायेत," ज्वालानाथ महाराज सांगत होते. "पण राख होत नाई. ही ज्योत म्हणजे देवीची जीभ, हे पाणी देवीचं तीर्थ. रोज झाकणभर घ्या, रगत साफ होते. डॉक्टरच्या गोळ्या बंद करा, नाई तं देवी रुसते."

गर्दीतल्या गुणाबाईनं बाटली घेतली. तिच्या लेकीला, खुशबूला, सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. गोळ्या बंद झाल्या, तीर्थ सुरू झालं. आठवड्याच्या आत पोरीचं तोंड सोललं, सांधे असे ठणकू लागले की तिला बैलगाडीत निजवून दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली, एवढंच.

खुशबूच्या शाळेतल्या विज्ञानाच्या संघप्रियाबाई भेटायला आल्या. त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"बाई, मीच पाजलं तिले," गुणाबाई म्हणाली.

"तुमी पाजलं, पण फसवलं त्यानं. बाजाराच्या दिवशी चला माह्यासंगं."

बाजारात बाईंनी महाराजांसमोरच चहावाल्याच्या चुलीवर पत्र्याचा डबा ठेवला. आत बांबूचे सुके तुकडे, झाकणाला खिळ्यानं पाडलेलं भोक. थोड्या वेळानं भोकातून दाट धूर निघाला. बाईंनी काडी लावली. धूर पेटला.

"सांगा, माह्या डब्यात कोणती देवी आली?"

लोक डब्याभोवती दाटले.

"आत हवा नाई, म्हणून लाकूड जळत नाई. आचेनं फुटते. वायू निघते, तो पेटते. वाफ थंड झाली का हे पाणी अन् डांबर. मागं कोळसा राह्यते. डांबर खांबाले लावा, वाळवी लागत नाई. कोळसा शेगडीत घाला, त्याचा चुरा खतात मिसळून धानाच्या बांधीत टाका. पण हे पाणी प्यायचं नाई, जहर हाये." मग त्या महाराजांकडे वळल्या. "तुमी प्या एक गिलास."

"आज मले देवीची आज्ञा नाई," महाराज पुटपुटले.

गुणाबाई पुढं आली. "माह्या पोरीले होती का आज्ञा?"

महाराज गाडीकडे सरकले, पण लोकांनी वाट सोडली नाही. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार गुणाबाईनंच दिली.

असे महाराज दुसऱ्या बाजारात दुसरी हंडी मांडतील. तिथं हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे होतं कसं? उत्तर टाळणारा माणूस तुमच्या लेकराच्या जिवावर उठलेला आहे. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.