सत्तर किलोमीटर गेले कुठं?

वर्षा, माझी धाकटी बहीण, नोकरीसाठी नागपूरहून विमानानं हैदराबादला निघाली, आणि पांढरकवड्याजवळच्या आमच्या तांड्यात सगळ्यात जास्त भाव खाल्ला तो आमच्या बानं. बाची, म्हणजे गुलाबसिंगची, हयात नागपूर-हैदराबाद ट्रक चालवण्यात गेलेली. विमानात पाय न ठेवता हा माणूस पोरीला विमानाचा रस्ता सांगत होता.

"पांढरकवड्यावरूनच जाते. दुसरा रस्ता हाय कुठी? तू उजव्या खिडकीत बस, आमी हायवेवरून हात हलवतो."

याडीनं, म्हणजे आईनं, ते फार मनावर घेतलं. लेक उडताना तिला पाहायची होती आणि लेकीनंही आपल्याला पाहावं, एवढंच तिचं म्हणणं. सकाळीच ठेवणीतली लालभडक ओढणी घेऊन ती तयार.

विमान अकराचं. साडेनऊला वर्षाचा फोन आला, "खिडकी भेटली!" मी सहज मोबाईलवर पाहिलं. हवाई अंतर चारशे तीस किलोमीटर, वेळ सव्वा तास.

"चारशे तीस?" बा उखडला. "पाचशे हाय! सत्तर किलोमीटर गेले कुठी?"

"विमान वळणं घेत नाही, बा. सरळ जाते."

बाचा चेहरा पडला, तो माझ्याकडं वळला. "अबे बादल, मंग आपला पांढरकवडाच वळणात हाय ना!"

नकाशावर मी दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढली. ती पूर्वेला तासाभरावर असलेल्या वणीवरून गेली. वर्षाला कळवावं तर तिचा फोन लागेचना.

"पाहत काय राह्यले? चाला वणीले!" याडी पिकअपमध्ये चढलीसुद्धा.

एरवी माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवणारा बा खड्डे न बघता गाडी हाणत होता. याडी रस्ताभर त्याचा उद्धार करत होती आणि मी मोबाईलवर सरकणारं विमान बघत ओरडत होतो, "उडालं! आलं! थांबव, थांबव!"

वणीजवळ एका मोकळ्या वावरात आम्ही उतरलो. आधी आवाज आला, मग उन्हात चमकणारा पांढरा ठिपका.

"वर्षेऽऽ!" याडी दोन्ही हातांनी ओढणी फडकवत ढेकळांतून पळत सुटली. बानं शिट्टी मारली. मी, दोन लेकरांचा बाप, पिकअपच्या टपावर चढून नाचलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दुपारी वर्षाचा फोन आला.

"बा, दिसलं! दूरवर आपला हायवे दिसला, दोऱ्यावानी! गाव मांगं जाईपर्यंत मी तिकडंच हात हलवत होती. तुम्ही पाह्यलं ना?"

याडीनं बाच्या हातातला फोन हिसकावला.

"आमी तिथं कुठी होतो वो? वणीच्या वावरात, तुह्या पायाखाली होतो."



"म्हणजे मी घराकडं पाहून राह्यली होती," वर्षा म्हणाली, "अन् तुम्ही घरी नव्हतेच?"

"घरी कशी राहीन बाई?" याडी म्हणाली. "तुह्याच मांगं धावून राह्यलो होतो."