बाकासमोरची रेघ

दातांच्या डॉक्टरांच्या मेहुणीने नव्या दवाखान्यासाठी त्यांना एक छापचित्र भेट दिलं. तिचं कामच ते. जस्ताच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि वर ओला कागद ठेवून पत्रा यंत्रातून दाबून काढायचा. या चित्रात ना माणूस ना झाड. एक लांबलचक काळी रेघ, मध्यावर एक वेडावाकडा गोल आणि बाकी कागद कोरा.

डॉक्टरांनी ते बाहेरच्या बाकासमोर कौतुकाने टांगलं आणि पस्तावले. येणारा जो तो आ करण्याआधी विचारायचा, "डॉक्टर, बाहेर ते काय आहे हो?"

शेवटी ते बायकोला म्हणाले, "तुझी बहीण गुणाची आहे, पण मी दात बघू की रेघेचा अर्थ सांगत बसू? त्यापेक्षा एखादं तळं-बिळं लावतो."

बहिणीने फोनवर आडवळणाने सांगितलं, तरी मेहुणीच्या ते लगेच लक्षात आलं. तिला वाईट वाटलं नाही. तिच्या स्वतःच्याच मनातून ते चित्र उतरलं होतं. ती रेघ कोरली तेव्हा तिचे दिवस बरे नव्हते. जोरात सुरू केलेली रेघ बारीक होत होत विरून गेली होती. चित्र बघितलं की तिला तेच आठवायचं.

"दाढ दाखवायला यायचंच आहे," ती म्हणाली, "येताना काढून नेते."

सुजलेला गाल धरून ती बाकाच्या टोकाला बसली. शेजारी एक बसचालक बाई गणवेशातच आल्या होत्या. त्यांच्या पलीकडे कवळी बसवायला आलेले एक आजोबा. ही चित्रकार आहे, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

"दाढेचं मूळ आहे ते," आजोबा म्हणाले. "दातांचा डॉक्टर दुसरं काय लावणार?"

"मूळ कसलं, आजोबा? चढाचा रस्ता आहे," बाई म्हणाल्या. "डावीकडून बघा ना. रेघ कशी बारीक, बिचकत निघालीय. नवीन नवीन गाडी हातात आली की असंच होतं. या गोलापाशी जरा अडखळली. पण पुढे बघा, कशी दणकट झालीय. हात बसला आता."

"आणि ती उजवीकडून आली असेल तर?"

"तर तुमचं मूळ. घ्या."

आजोबा तोंडावर हात धरून खुदकन हसले.

मेहुणी चित्राकडे बघतच राहिली. पत्र्यावर डावीकडून उजवीकडे कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तरी ही रेघ ती कायम जिथून कोरायला सुरुवात केली त्या बाजूनेच, म्हणजे कागदावर उजवीकडून, वाचत आली होती. आता तिने डावीकडून सुरुवात केली. गोल ओलांडला. रेघ खरंच भरत गेली होती.

"तुम्हाला काय दिसतं हो?" बाईंनी विचारलं.

"कालपर्यंत वेगळंच दिसायचं," ती कशीबशी म्हणाली.

"राहू द्या, दुखत असेल. बोलू नका."

आत दाढ भरून झाल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "चित्र खाली काढायला मदत करू?"

बधिर ओठांनी ती काहीतरी पुटपुटली.

"काय? पाणी हवंय?"

तिने मानेनेच नाही म्हटलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "भावोजी, राहू द्या तिथेच."

"अगं, पण लोकांना सांगू काय?"

"त्यांनाच विचारा."

बाहेर पुन्हा हसू फुटलं. डॉक्टर दाराकडे बघत राहिले. आपल्या दवाखान्यात, आपली पाळी यायची वाट बघताना कोणी हसतंय, हे त्यांच्या कानांना नवीनच होतं.

"बरं, राहू दे," ते म्हणाले.

काम झालं होतं, तरी मेहुणी लगेच निघाली नाही. बाई आत गेल्या, तशी ती त्यांच्या जागेवर, आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. आजोबांनी तिच्यासाठी सरकून जागा केली आणि ते मूळ नेमकं कोणत्या दाढेचं, हे तिला बोटाने दाखवत समजावू लागले.