आधी पेले, मग ताटं

घड्याळ. नवऱ्यानं ते मनगटावरून काढून खिडकीत ठेवलेलं, काचेला ओरखडा पडू नये अशा बेतानं... ते कशासाठी काढलंय हे तिला कळेपर्यंत नळ सुटलासुद्धा. बाह्या सरसावून तो परक्या बाईच्या ओट्याशी उभा होता.

"अहो, राहू द्या! पाहुण्यांनी कुठं भांडी घासायची असतात?" गॅरेजवाल्याची बायको अर्धवट उठली.

"तुम्ही बसा हो, ताई. इतकं प्रेमानं जेवू घातलंत, एवढं तरी करू द्या."

बसा हो, ताई! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सहलीला निघाले आणि दुसऱ्याच दिवशी गाडी रस्त्यात बंद पडली. गॅरेजवाल्यानं इंजिनात डोकं घालून पाहिलं, पार्ट यायला संध्याकाळ होईल म्हणाला, आणि उन्हात कुठं थांबता म्हणून लेकीसकट तिघांना सरळ गॅरेजमागच्या आपल्या घरी घेऊन आला — ना ओळख ना पाळख. त्याच्या बायकोनं पंखा त्यांच्याकडे वळवला. सवयीनं ही वाढायला उठली, तर त्या बाईनं खांदा दाबून तिला परत बसवलं, "आज तुम्ही आयतं जेवायचं." ताटात गरम पडतंय आणि आपण नुसतं खातोय... किती वर्षांनी! डोळे भरून आले, ते तिनं तिखटावर ढकललं. त्या माउलीवर कसला राग?

राग ह्याच्यावर. घरी इकडची काडी तिकडे करत नाही, पाणी प्यायलेला पेला तिथल्या तिथं. ती तापानं फणफणलेली, तेव्हा ह्यानं बाहेरून जेवण मागवलं आणि खरकटी तशीच पडू दिली — "मला नाही गं जमत, तुझ्यासारखी स्वच्छ निघत नाहीत" — आणि ही मूर्ख, अंगात ताप घेऊन उठली, वर हसलीसुद्धा. वाईट नाही गं तो, बहिणीला सांगायची, त्याचं लक्षच नसतं, त्याला दिसतच नाही. या एका वाक्यावर तिनं अख्खा संसार रेटला होता.

"आई, बघ ना, बाबा भांडी घासतायत!" लेकीनं फोन काढला.

"वा साहेब, माझ्या घरात भांडण लावून जाणार तुम्ही," गॅरेजवाला खो खो हसला.

"नशीब काढलंत हो, वहिनी," त्याची बायको म्हणाली.

नशीब! आता बघाच, ती मनात म्हणाली, आता कसा घोळ घालतो ते. सगळं तेलकट करून ठेवेल, एखादा पेला फोडेल... फोडू देच. ती अगदी टक लावून वाट बघत राहिली.

त्यानं आधी पेले घेतले. तेलकट पातेल्यात गरम पाणी ओतून ते बाजूला सारलं. मग ताटं, मग वाट्या. डावाच्या मानेशी अडकलेलं खरकटं अंगठ्याच्या नखानं काढलं. शेवटी पातेलं धुतलं, उजेडाकडे तिरकं धरलं... आणि नाकाशी नेऊन हुंगलं.

हुंगलं!

हे तर तिचं. वास राहत नाही ना, म्हणून ती हुंगून बघायची. सासूबाई त्यावरून हसायच्या. हे तिनं कुणाला शिकवलं नव्हतं. घरी पाठीमागं जेवणाच्या टेबलाशी पेपर उघडून बसलेल्या माणसाला — म्हणजे ह्याला दिसत होतं. रोज. तिची पाठ, तिचे हात, कंबर धरून मध्येच थांबणं... सगळं दिसत होतं, पाठ होण्याइतकं दिसत होतं, आणि तरी हा पान उलटत होता.

हात पुसत तो वळला. शाबासकी मागणाऱ्या पोरासारखा चेहरा. "काय गं, कशी निघाली भांडी?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिचं ते नेहमीचं हसू, सांभाळून घेणारं, ते तिनं आत चाचपलं... पुन्हा चाचपलं. काहीच हाताला लागेना.